आत्याची पिशवी

आमच्या आत्याचं गाव अहमदपूर तालुक्यात आहे. लातूर एका हाताला, नांदेड दुसऱ्या हाताला, आणि एसटी दोन्हीकडची सारखीच भरलेली. त्यामुळे आत्याचं आजारपण दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं आहे. गुडघे लातूरला दाखवायचे, पोट नांदेडला. डोळ्यांचं शिबिर ज्या गावात लागेल ते गाव. या सगळ्याचा हिशेब एका पिशवीत आहे.

पिशवी बस्त्याची आहे. थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता नांदेडला वजिराबादेत बांधला, तेव्हा दुकानदारानं शालूबरोबर दिलेली. तिच्यावरची नवरी आता पुसून गेली, नुसती नथ दिसते. आतला ऐवज मात्र शाबूत आहे. रक्त-लघवीचे रिपोर्ट, साखर किती आली त्याच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं (कारण गोळीचं नाव वाचता येत नसलं तरी पाकीट दाखवता येतं), सोनोग्राफीचा तो गुळगुळीत कागद, ज्यावरची पोटाची चित्रं उडून आता फक्त दवाखान्याचं नाव उरलं आहे. काविळीच्या रिपोर्टावर माळेगावच्या खंडोबाचा भंडारा सांडलाय. त्यामुळे तो रिपोर्ट न वाचताही कळतो. मामंजींच्या छातीचा एक्स-रे तेवढा नाही. 24 ऑक्टोबर 1995 ला, ऐन दिवाळीत, सूर्यग्रहण बघायला शेजारची पोरं घेऊन गेली ती आणतायतच.

आता नियम बघा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरनं दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात. आत्याला हा नियम कुणी सांगितला नाही, म्हणून तिनं तीस वर्षं सांभाळले. त्यातून 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निघाली आणि अख्ख्या मराठवाड्यानं माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या. ज्याच्या पणजोबानं मोडीतला एखादा चिटोरा उंदरापासून वाचवला होता, त्याच्या घरी चहाला माणसं यायला लागली. तेव्हापासून तर आत्या औषधाच्या दुकानाचं बिलसुद्धा टाकू देत नाही. "राहू दे. उद्या त्यातूनबी कायतरी निघंल."

अशा बाईसमोर एके दिवशी संगणक उभा राहिला.

तसा दवाखान्यातला संगणक नांदेडकरांना नवा नाही. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती पहिल्या फेरीत आठच जिल्ह्यांत, आणि त्यात नांदेड होतं. लातूरला 2013 उजाडावं लागलं, हे नांदेडचे लोक अजून सांगतात. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड घेऊन जायचं, टेबलामागचा आरोग्यमित्र ते संगणकात घालणार, मुंबईहून मंजुरी येणार, मग ऑपरेशन. रेशनकार्ड हा साखर-तांदळाचा कागद नसून हृदयाचा कागद आहे, हे आमच्याकडं तेव्हापासून माहीत आहे. पण तो संगणक मोठ्या दुखण्याचा होता. खोकल्याला, खरजेला, अंगदुखीला तो नव्हता. आताचा संगणक खोकल्यालाही आहे.

15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, 27 सप्टेंबर 2021 ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, आणि प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक मिळणार असं ठरलं. त्याचं नाव 'आभा'. बेत उत्तम आहे. तुमचा लातूरचा कागद नांदेडच्या डॉक्टरला पडद्यावर दिसावा, तोही तुमच्या संमतीनं, आणि एकच रक्त दोन गावांत दोनदा काढायची वेळ येऊ नये. महसूल आयुक्तालय कुठं करायचं यावरून 2009 पासून या दोन शहरांत जे रुसवेफुगवे आहेत, ते बघता दोघांचे संगणक एकमेकांशी बोलणार ही केवढी मोठी गोष्ट!

आत्याला घेऊन मी ज्या सरकारी दवाखान्यात गेलो त्याचं नाव सांगत नाही. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय होतं आणि बाजाराचा दिवस होता, एवढं पुरे. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं आजार वाढतात. माणूस शेळी विकायला आलेला असतो, मिरची घ्यायला आलेला असतो, आणि आलोच आहोत तर दाखवून जाऊ म्हणतो. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. त्यामुळे जो आजारी नाही तोही बीपी मोजून घेतो.

खिडकीशी दोन रांगा होत्या. एक चिठ्ठी काढायची, आणि दुसरी भिंतीवरचा चौकोन मोबाईलनं टिपायची. चौकोन टिपला की नाव-गाव आपोआप आत जातं आणि टोकन मिळतं. त्या रांगेत कुणी नव्हतं, म्हणून मी ऐटीत तिथं उभा राहिलो.

"आभा काढली का?" खिडकीतल्या मुलानं विचारलं.

"ती कुणाची पोरगी?" आत्या म्हणाली.

आभा काढायला आधार मागितलं, आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी गेला. आत्याच्या आधारला जोडलेला मोबाईल चाकणला होता. म्हणजे आतेभावाचा. तो तिकडं कारखान्यात पहिल्या पाळीला, आणि कारखान्यात फोन गेटवरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. त्यामुळे आत्याच्या आरोग्याची किल्ली अहमदपूरपासून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर एका पत्र्याच्या कप्प्यात वाजत होती. जेवणाच्या सुटीत त्यानं फोन उघडला, आकडे कळवले, तोवर त्या आकड्यांचा जीव गेला होता. दुसरा ओटीपी मागवला, तोवर त्याची सुटी संपली. मराठवाड्यातली निम्मी तरुण पोरं पुण्याकडं आहेत आणि म्हाताऱ्यांचे ओटीपी त्यांच्याबरोबर गेलेत, ही गोष्ट दिल्लीत आराखडा करणाऱ्यांच्या लक्षात यायला हवी होती.

शेवटी चिठ्ठीच्या रांगेत आलो. तिथं नावाचा प्रश्न होता. आत्याचं माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात काढलेलं दुसरं, आणि आधारवर छापलंय ते तिसरंच. संगणकाला इंग्रजी स्पेलिंग लागतं. आमच्याकडं ज्ञानोबा ढिगानं, आणि 'ज्ञ' हे अक्षर इंग्रजांनी केलेलंच नाही. कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय, आणि हौशी ऑपरेटर जे-एन. एकच ज्ञानोबा सोमवारी एक माणूस असतो, गुरुवारी दुसरा. सोमवारच्या ज्ञानोबाला साखर आहे, गुरुवारच्याला नाही.

मग जन्मतारीख. इथं सांगायला हवं की मराठवाड्यात जगातलं एक आश्चर्य आहे. इथली निम्मी जुनी पिढी 1 जूनला जन्मली. शाळेत घालताना बापानं 'पोरगं सहा वर्षांचं आसंल' म्हटलं, आणि गुरुजींनी शाळेच्या सोयीनं 1 जून टाकला. जे शाळेतच गेले नाहीत ते आधारवाल्यानं 1 जानेवारीला जन्माला घातले. संगणकाला असं वाटत असणार, की या भागात वर्षातून दोनच दिवस प्रसूतिगृह उघडतं.

"वय किती मावशी?"

"रझाकाराच्या टायमाला मी पाळण्यात होते."

तो मुलगा विशीतला. रझाकार गुगलवर बघावा लागला असता. मागून एका म्हाताऱ्यानं गणित केलं. "17 सप्टेंबर 48 ला मुक्ती झाली. पाळण्यात म्हंजी सत्तेचाळीसचं धर." मुलानं 1 जानेवारी 1947 टाकलं. आत्याचं स्वातंत्र्य देशाच्या आधी झालं.

डॉक्टर एकटेच होते, चांगले होते, आणि त्यांच्यासमोर रुग्ण कमी आणि पडदा जास्त होता. पूर्वी डॉक्टर आपल्याकडं बघत लिहायचे. अक्षर वाचता यायचं नाही, पण चेहरा वाचता यायचा. आता ते पडद्याकडं बघतात, आणि आपण त्यांच्या कानाला आजार सांगायचा.

"काय त्रास?"

"अंगात कसकस यायलीय, पायात गोळे यायलेत, आन् छातीत कसं चमक निघल्यावानी होतंय. दुखत न्हाई. चमक."

डॉक्टरांनी पडद्यावरची यादी खाली-वर केली. यादीत 'वेदना' होतं. आता मराठीत वेदना हा शब्द कवितेत वापरतात. दवाखान्यात कळ असते, ठणका असतो, उसण असते, चमक असते, आग असते, मुंग्या असतात, टोचतं, सलतं, ठसठसतं, आणि पोटात गोळा फिरतो. प्रत्येकाचा आजार वेगळा आणि जाणत्या डॉक्टरला तो शब्दावरून निम्मा कळतो. ठणका म्हटलं की पू, उसण म्हटलं की कंबर. यादीनं हे सगळं धान्य एकाच पोत्यात भरलं आणि वर चिठ्ठी लावली: वेदना.

"कधीपासून?"

"सोयाबीन काढल्यापसून."

पुढं खिडकी होती: दिवस, आठवडे, महिने. डॉक्टर सांगलीकडचे, ऊसवाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ऑक्टोबर धरा." त्यांनी धरला. तुरीची रास, पोळ्याच्या आधी, मृग बरसला तेव्हा, ही सगळी आमच्याकडची कॅलेंडरं आहेत. लातूरच्या आडत बाजारातली बाई तारखेऐवजी भाव सांगते, "सोयाबीन चार हजारावर आलं तवा."

"दहापैकी किती दुखतं?"

आत्यानं विचार केला. "बारा आणे."

बारा आणे म्हणजे साडेसात. खिडकी अपूर्णांक घेत नव्हती. सात केलं तर आत्याचं दुखणं पन्नास पैशांनी कमी होत होतं, आठ केलं तर सरकारची फसवणूक. डॉक्टरांनी आठ टाकलं. मनानं उदार होते.

रोगाला आता आंतरराष्ट्रीय कोड असतो. त्याच्या अमेरिकी आवृत्तीत गायीनं धडक दिली तर स्वतंत्र कोड आहे. खरं सांगतो, ऑर्का नावाच्या देवमाशानं धडक दिली तर त्यालाही आहे. मराठवाड्यात ऑर्का कुठून येणार, इथं प्यायचं पाणी 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला आणावं लागलं होतं! पण आत्याच्या मते तिला सुनेच्या माहेरच्या एका बाईची नजर लागली होती, आणि नजरेला कोड नव्हता. तेवढं एक डॉक्टरांनी टाळलं.

संमतीचंही विचारलं गेलं. 2023 मध्ये संसदेनं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि ही माहिती कुणाला दाखवायची ते रुग्णानं ठरवायचं असतं. मी आत्याला समजावून सांगितलं की तुझं दुखणं तुझ्या परवानगीशिवाय कुणाला कळणार नाही. तेव्हा तिच्या पाठीला टेकून सात बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं चमकेवर ओव्याचा शेक सांगितला होता, दुसरीनं लातूरचा डॉक्टर, तिसरी म्हणाली, हे आमच्या जाऊबाईला होतं आणि तिला मग मुंबईला न्यावं लागलं. सातही जणींना आत्याचा गुडघा, पोट आणि सून माहीत झाले होते. आत्या म्हणाली, "दे संमती. एवढ्यांना म्हाईत झालं, त्या डब्यालाबी कळू दे."

आणि नेमका तेव्हा डबा बंद पडला.

'सर्व्हर डाऊन' हा मराठवाड्यातला आता अस्सल मराठी शब्द आहे. त्याला प्रतिशब्द शोधू नये. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला महा-ई-सेवा केंद्रावर रात्र काढलेल्या माणसाला, ई-पीक पाहणीत बांधावर उभं राहून मोबाईल आभाळाकडं धरलेल्या माणसाला, तो पावसासारखा वाटतो. आला तर आला. कुणी चिडलं नाही. बायकांनी पिशव्यांतून भाकरी काढल्या. एका आजोबांनी तर समाधानानं मान हलवली, जणू काही ते इतका वेळ याचीच वाट बघत होते.

त्या वेळात मी सिस्टरांच्या खोलीत डोकावलो, आणि खरं ज्ञान मला तिथं मिळालं. टेबलावर सात रजिस्टरं होती. पट्टीनं आखलेली, समासाला लाल शाई, प्रत्येकाला तपकिरी कागदाचं कव्हर. ओपीडीचं, दाखल झालेल्यांचं, प्रसूतीचं, इंजेक्शनचं, औषधांचं, साप-विंचू चावल्याचं, कुत्रं चावल्याचं.

"संगणक आल्यावर ही बंद झाली असतील ना?"

सिस्टर माझ्याकडं असं बघून हसल्या, की मला माझं वय कमी झाल्यासारखं वाटलं. "दादा, आधी रजिस्टर. रजिस्टरातनं संगणक. आन् संगणक बंद पडला की पुन्हा रजिस्टर." क्षयरोग्याची नोंद 'निक्षय'मध्ये, गरोदर बाईची आरसीएचमध्ये, लसीची यू-विनमध्ये, महिन्याचा गोषवारा आणखी एका पोर्टलवर. बाळ जन्मलं की ते रडायच्या आधी चार ठिकाणी पोचतं. पोर्टलं वेगळी, लॉगिनं वेगळी, पासवर्ड वेगळे. ते लक्षात राहावेत म्हणून एका वहीत लिहून ठेवलेले. वहीलाही तपकिरी कव्हर होतं. बाहेरून ते आठवं रजिस्टरच.

वीज गेली की इन्व्हर्टर कुणाला द्यायचा, हा दवाखान्यातला रोजचा न्यायनिवाडा. प्रसूतीच्या खोलीला पहिला मान, लसीच्या फ्रिजला दुसरा. संगणकाचा नंबर पंख्याच्याही मागं. हे मला पटलं. ज्यांनी क्रम लावला त्यांना हात जोडावेत.

आता हे सगळं वाचून मी संगणकाच्या विरुद्ध आहे असं कुणी म्हणू नये. 2016 साली मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरांना औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा म्हणून सांगितलं. सांगावं लागलं, यातच सगळं आलं. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये मी असे कागद पाहिलेत की ते वाचायला औषधवाल्यालाही आधी चष्मा आणि मग देव आठवतो. शिवाय विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात नांदेडचेच नाही, हिंगोली-परभणीचे आणि तेलंगणातले आदिलाबादकडचेही रुग्ण येतात. देगलूर, धर्माबादकडचा माणूस आजार तेलुगूत सुरू करतो आणि मराठीत संपवतो. अशा गर्दीत बेशुद्ध आणलेल्या माणसाला कशाची ॲलर्जी आहे हे पडद्यावर दिसलं, तर त्याची किंमत मला कळते. बेशुद्ध माणूस पिशवी घेऊन येत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे की जो लिहितो त्याला लिहायचा माणूस द्या. अमेरिकेत 2009 च्या कायद्यानं डॉक्टरांना पैशाचं आमिष दाखवून संगणकावर आणलं, तर काही वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी टंकायला शेजारी वेगळा माणूस बसवला, कारण रुग्णाकडं बघायला डोळे उरेनात. आमच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर एक, सिस्टर दोन, आणि ऑपरेटर कंत्राटी. त्याचं कंत्राट संपलं की आजाऱ्यांची आठवणही त्याच्याबरोबर एसटीत बसते.

दुपारी दोनला सर्व्हर आला. डॉक्टरांनी पुन्हा सगळं टाकलं. चमक, सोयाबीन, बारा आणे. छातीची पट्टी काढली, ती ठीक निघाली. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या.

"मावशी, जुने काही कागद आहेत?"

आत्या याच क्षणासाठी तीस वर्षं जगली होती. तिनं टेबलावर पिशवी उपडी केली. भूकंपाच्या वर्षाचा कागदही निघाला. 30 सप्टेंबर 1993 नंतर लातूरच्या मांडवात कुणीतरी तिच्या हाताला टाके घातले होते, त्याची चिठ्ठी. निळी शाई, अक्षर घाईचं. डॉक्टरांनी ती थोडा वेळ हातात धरली. तिच्यात आत्ताच्या दुखण्याचं काही नव्हतं. पण तिच्याखालच्या एका कागदावर होतं. नांदेडला पूर्वी एका गोळीनं आत्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि कुणा भल्या डॉक्टरनं त्या गोळीचं नाव लाल शाईनं, दोन रेघा मारून, 'देऊ नये' असं लिहून ठेवलं होतं. समोर लिहून दिलेल्या गोळ्यांत ती नव्हती, पण त्यांनी ते नाव पडद्यावर नीट टाकलं. स्पेलिंग दोनदा तपासून.

मग त्यांनी एक बटण दाबलं आणि शेजारच्या यंत्रातून छापील कागद आला. नाव, वय, वेदना आठ, ऑक्टोबरपासून, ॲलर्जी. सुबक अक्षर. मी म्हणालो, "आत्या, आता हे सगळं संगणकात गेलं. ही पिशवी घरी ठेवली तरी चालतं."

आत्यानं तो कागद चार घड्या घालून पिशवीत सगळ्यात वर ठेवला.

चैत्रात धाकट्या नातीचं लग्न आहे. बस्ता या खेपेला लातूरला बांधायचा ठरलाय. आत्यानं दुकानदाराला आतापासूनच सांगून ठेवलंय, की शालूचं काय ते तुम्ही बघा, पिशवी तेवढी मोठी द्या, आणि चेनची द्या.